मुखपृष्ठ मुलांच्या हातचे



स्नेहसंमेलनाची तारीख ठरली की शाळेत वार्षिक अंकाची धांदल सुरू होते. कविता गोळा होतात, सहलीची वर्णने येतात, कोडी येतात, गुणवंतांच्या याद्या येतात. आणि अंक छापखान्यात द्यावयाच्या आदल्या दिवशी कुणाला तरी आठवण होते, "अहो, मुखपृष्ठाचं काय करायचं?" मग काय होते ते आपण सर्वजण जाणतो. छापखान्यात तयार चित्रांचा साठा असतोच. त्यातून उगवता सूर्य, उघडे पुस्तक आणि उडणारी दोन कबुतरे पुढे येतात. हल्ली तर मोबाइलवर दोन शब्द टाकले की यंत्र गुळगुळीत चित्र काढून देते. वर शाळेचे नाव, खाली संस्थेच्या अध्यक्षांचे छायाचित्र. झाले मुखपृष्ठ!

आता आपणच विचार करा. आतली चाळीस पाने मुलांनी लिहिली. कुणी आजीची गोष्ट सांगितली, कुणी भातलावणीवर कविता केली, कुणी केळव्याच्या सहलीचे वर्णन केले. आणि ज्या पानावर सर्वांची नजर पहिल्यांदा जायची, तेवढे पान मात्र परक्याचे! घर आपण बांधावे आणि दार दुसऱ्याच्या घरचे आणून बसवावे, तशातला हा प्रकार. हे दार मुलांनाच का करू द्यावे आणि ते त्यांच्याकडून कसे करून घ्यावे, याविषयी आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. उदाहरणे पालघर, बोईसर आणि तारापूर या भागातली घेतो. पण आपली शाळा विदर्भात असो की कोल्हापुराकडे, पद्धत तीच लागू पडेल.

मुखपृष्ठाचे महत्त्व मराठी वाचकाला नवे नाही. १९०९ साली का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि पुढे दिवाळी व अंक ही जोडीच जमून गेली. दीनानाथ दलालांसारख्या चित्रकाराने 'दीपावली'ची मुखपृष्ठे रंगविली, ती लोकांच्या लक्षात राहिली. पण बाजारातल्या अंकाला गिऱ्हाईक थांबवावयाचे असते. शाळेच्या अंकाचे तसे नाही. त्याचा वाचक ठरलेला आहे : मुलांचे आईवडील, काका-मामा, शेजारी, माजी विद्यार्थी. आणि घरात एखादी आजी असते, जिला अक्षरओळख नाही. नातवाने अंक हातात दिला तर आतला मजकूर तिला कुणीतरी वाचून दाखवावा लागेल. मुखपृष्ठ मात्र ती स्वतः वाचील. त्या पानावर तिला आपले शेत, आपली होडी, आपला पाडा दिसला, तर शाळेत काय चालते याचा तिला थोडासा तरी अंदाज येईल. कबुतरे आणि उगवता सूर्य पाहून तिने काय समजावे?

तेव्हा पहिला प्रश्न, चित्र कशाचे काढावयाचे? येथेच खरे शिक्षण आहे. रंग भरणे हा पुढचा भाग झाला.

समजा, बोईसरच्या एका शाळेतला नववीचा वर्ग आहे. या वर्गात एक मुलगी सातपाटीहून येते. तिच्या घरी मासेमारी आहे. एक मुलगा डहाणूच्या बाजूचा, घरी चिकूची वाडी. दोघेतिघे वारली पाड्यांवरचे. चारपाच जणांचे वडील तारापूर औद्योगिक वसाहतीत कामाला. त्यातले काही उत्तर प्रदेशातून, काही खानदेशातून आलेले. एखादीचे वडील अणुवीज केंद्रात. आता या सर्वांचे मिळून एक मुखपृष्ठ करावयाचे! मुलांना मोकळे सोडले तर ती पहिल्या फेरीत सगळेच काढतील. समुद्र, होडी, ताडाचे झाड, किल्ला, धुराडी, रेल्वे, तारपा, चिकू आणि कोपऱ्यात शाळेची इमारत. कुणाला दुखवावयाचे नाही म्हणून सगळे घ्यायचे आणि शेवटी पाहणाऱ्याला काहीच दिसायचे नाही. लग्नाच्या पंगतीत वाढप्याने सगळे पदार्थ एकावर एक ओतावे, तसे ते पान होते.

अशा वेळी शिक्षकाने उत्तर सांगू नये, प्रश्न विचारावा. "यातली कोणती एक गोष्ट काढून टाकली तर हा अंक आपला राहणार नाही?" एवढ्या एका प्रश्नावर वर्ग तासभर भांडेल, आणि भांडू द्यावे. कुणी म्हणेल, समुद्र. कुणी म्हणेल, समुद्र तर मुंबईलाही आहे, आपली खूण सरंगा. त्या मुलीला ठाऊक असते की सरंगा, म्हणजे पापलेट, २०२३ साली महाराष्ट्राचा राज्यमासा ठरला. धुराड्यांचे चित्र घेऊ नये, ते चांगले दिसत नाही, असेही कुणी म्हणेल. त्यावर दुसरा विचारील, "माझे बाबा तिथंच काम करतात, त्यात लपवायचं काय?" हा प्रश्न वर्गात आला की समजावे, मुखपृष्ठाचे काम सुरू झाले. आपले गाव कसे आहे आणि आपण ते कसे दाखवू इच्छितो, यांत अंतर असते. ते अंतर चौदा वर्षांच्या मुलांना स्वतः सापडले, यापरते आणखी काय हवे?

काही वेळा चित्राचा विषय आज गावात डोळ्यांना दिसतही नसतो. तारापूरला १९६९ साली वीज निर्माण होऊ लागली. पुढे तिसरी आणि चौथी अणुभट्टी बांधताना पोफरण आणि अक्करपट्टी या गावांचे पुनर्वसन करावे लागले. २००५-०६ मध्ये त्या अणुभट्ट्या सुरू झाल्या. तिथल्या घरातली एखादी मुलगी आजीने सांगितलेले जुने गाव काढील. ते चित्र नकाशाप्रमाणे बरोबर आहे की नाही, ही चर्चा नको. तिला विहीर कोठे होती, झाड कोठे होते, हे आजीला विचारून यावयास सांगा. चित्राच्या निमित्ताने घरात एक संध्याकाळ बोलणे होईल, आणि त्यातून अंकासाठी एक लेखही मिळेल.

मोठी घटना थोडक्यात कशी दाखवावी, हेही मुले यात शिकतात. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरला गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मे झाले. हा प्रसंग मुखपृष्ठावर घ्यावयाचा तर बंदुका, जमाव, रक्त असे सगळे काढण्याची काय गरज? काळ्या पानावर पाच दिवे काढले तरी पालघरच्या माणसाला ते समजते, आणि परगावच्या माणसाला "पाचच का?" असे विचारावेसे वाटते. मुखपृष्ठाने थोडे सांगावे आणि थोडे विचारावयास लावावे.

आता वारली चित्रांविषयी थोडे सविस्तर बोलावयास हवे, कारण आपल्या भागात मुखपृष्ठ म्हटले की ही चित्रे पहिल्यांदा आठवतात. दोन त्रिकोण टोकाला टोक जोडून माणूस, वर गोल डोके, हातात हात घालून तारप्याभोवतीचा नाच. सोपे वाटते, म्हणून आज बँकेच्या भिंतीपासून चहाच्या पेल्यापर्यंत सगळीकडे ते दिसते. पण हे चित्र मूळचे शोभेसाठी निघालेले नाही. वारली घरात लग्न असले की सुवासिनी भिंतीवर चौक लिहितात. होय, 'लिहितात' असाच शब्द आहे. शेणामातीने सारवलेल्या, गेरूने रंगविलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, बांबूची काडी ठेचून केलेली कुंचली, चौकटीच्या मध्ये पालघट देवी, आणि धवलेरी बाई गाणी म्हणत असते. चौक लिहिल्यावाचून लग्न लागत नाही, इतके त्याचे महत्त्व.

ही चित्रे भिंतीवरून कागदावर आली ती १९७०च्या सुमारास. भास्कर कुलकर्णी या चित्रकाराने पाड्यापाड्यांवर हिंडून ती जगापुढे आणली. डहाणू तालुक्यातल्या गंजाड गावचे जिव्या सोमा म्हसे हे या कलेचे मोठे नाव. लहानपणी आई गेल्यानंतर कित्येक वर्षे ते कुणाशी बोलत नसत, मातीत चित्रे काढीत, असे सांगतात. चौक लिहिण्याचे काम बायकांचे. म्हसे यांनी ती भाषा उचलून लग्नाबाहेरची चित्रे काढली. मासे धरण्याचे जाळे काढले, मुंग्यांचे वारूळ काढले, रोजचे शेत काढले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. त्यांची चित्रे पाहताना मुलांना एक गोष्ट दाखवा. त्यांनी त्रिकोणाची नक्कल करून थांबावयाचे ठरविले नाही. डोळ्यांनी जे पाहिले ते त्या त्रिकोणांत सांगितले.

यातून मुखपृष्ठासाठी दोन नियम निघतात. पहिला, चौक हा देवाचा आहे. तो मुखपृष्ठावर घेण्यापूर्वी पाड्यावरच्या जाणत्या बायकांना विचारावे. मुलांनाच विचारावयास पाठवावे. "घ्या" म्हणाल्या तर त्यांनीच दोन रेषा शिकवाव्या. "नको" म्हणाल्या तर तो विषय तिथेच संपला. दुसरा नियम, वर्गात वारली मुले असतील तर बाकीच्यांनी पुस्तकातून उतरवून काढलेल्या त्रिकोणांपेक्षा त्या मुलांचे म्हणणे आधी ऐकावे. होते काय, की ज्या मुलाच्या आईने भिंतीवर चौक लिहिला तो मुलगा शेवटच्या बाकावर गप्प बसलेला असतो, आणि शहरातून आणलेल्या नमुन्यावरून चित्रकलेचा तास चाललेला असतो! त्या मुलाला पुढे बोलावून "तुमच्या घरी कसं काढतात रे?" एवढे विचारले, तरी अंकाचे निम्मे काम झाले असे मी म्हणेन. आणि त्याला त्रिकोणांऐवजी बोईसरची रेल्वे काढावीशी वाटली, तर तीही त्याला काढू द्यावी. वारली मुलाने वारली चित्रच काढले पाहिजे, असा काही कायदा नाही.

आता प्रत्यक्ष कृतीकडे येऊ.

विषय ठरला की मोठा कागद लगेच हाती देऊ नका. प्रत्येकाला काडेपेटीएवढ्या चौकटी आखावयास सांगा, एका पानावर दहा. प्रत्येक चौकटीत पेन्सिलीने एक निराळी मांडणी. एवढ्या लहान जागेत बारीक नक्षी करताच येत नाही, म्हणून मूल मुख्य आकाराचा विचार करू लागते. होडी मोठी की समुद्र मोठा? माणूस मध्ये की एका बाजूला? मोकळी जागा कोठे ठेवावयाची? पहिल्या तीन चौकटी सर्वांच्या सारख्याच निघतात. खरी कल्पना सातव्या-आठव्या चौकटीपासून येते, म्हणून दहाचा आग्रह धरावा.

निवडलेल्या मांडण्या पुढे अंकाच्या मापाच्या करून घ्याव्या आणि भिंतीवर लावून दहा पावलांवरून पाहाव्या. डोळे थोडे किलकिले करावे. त्या स्थितीत जे दिसते तेच वाचकाला पहिल्यांदा दिसणार. नुसताच करडा गोळा दिसला, तर गडद आणि फिकट यांची वाटणी चुकली आहे असे समजावे.

यानंतर अक्षरे. येथे पुष्कळ मुखपृष्ठे फसतात. चित्र सुंदर होते आणि नावाला जागाच उरत नाही. मग ते कोपऱ्यात कोंबले जाते. देवनागरीला वर वेलांटी, मात्रा लागतात आणि खाली उकार लागतो. त्यामुळे शिरोरेघेच्या वर आणि अक्षराच्या खालीही जागा राखावी लागते. अंकाचे नाव 'लाट' असेल तर खाली काही येत नाही. 'पागोळी' असेल तर वर काना-मात्रा-वेलांटीची गर्दी आहे. नाव लिहूनच चित्राची मांडणी करावी, चित्र झाल्यावर नाव शोधू नये. अक्षरे मुलांनीच बोरूने किंवा चपट्या कुंचल्याने काढली तर उत्तम. संगणकावर घ्यावयाची झाली तर ती ताणून लांब-रुंद करू नयेत; तसे केले की उभ्या आणि आडव्या रेघांची जाडी बिघडते आणि अक्षर आजारी दिसते.

छपाईचे ज्ञान मुलांना आधीच द्यावे. रंगीत छपाई साधारणपणे चार शायांनी होते : निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी. यात पांढरी शाई नसते! पांढरा रंग म्हणजे न छापलेला कागद. गेरूच्या भिंतीवर पिठाने काढलेले चित्र छापताना नेमके उलटे घडते. यंत्र गेरूचा रंग सगळीकडे छापते आणि माणसांच्या जागा कोऱ्या सोडते. हे मुलांना सांगा, त्यांना फार मौज वाटते. छापील अंक परवडत नसेल, तर रंगीत जाड कागदावर एकाच शाईने छापावे, किंवा जाळीच्या पडद्यातून शाई ओढण्याची पद्धत वापरावी. तिच्यात पांढरी शाईही चालते आणि शाळेच्या वऱ्हांड्यातही ती करता येते. लिनोलियमचा तुकडा कोरून ठसे घेता येतात. मात्र कोरताना अक्षरे उलटी कोरावी लागतात, तेव्हाच ती सुलटी उमटतात. चिंचणी-वाणगावच्या बाजूला दागिन्यांचे साचे कोरणारे कारागीर आहेत. मुलांना एकदा त्यांच्याकडे न्यावे. एवढ्याशा लोखंडात इतके बारीक काम हाताने कसे उतरते, हे पाहिल्यावर आपला ठसा दोनदा बिघडला तरी मुले कुरकुर करणार नाहीत.

दोन मापे लक्षात असू द्यावी. छापल्यावर कडा कापल्या जातात, म्हणून चित्र कडेच्या बाहेर तीन मिलिमीटर वाढवून काढावे आणि अक्षरे कडेपासून निदान एक सेंटिमीटर आत ठेवावी. तसेच मुखपृष्ठ हे एकटे पान नसते. कागद उलगडला की पुढचे आणि मागचे पान एकच असते. होडी पुढच्या पानावर आणि तिचे जाळे मागच्या पानापर्यंत पसरलेले, अशी कल्पना त्यातूनच सुचते.

आणि छपाईला पैसेच नसतील तर? तर हस्तलिखित काढावे, त्यात कमीपणा कसला? अमळनेरला शिक्षक असताना साने गुरुजी छात्रालयातल्या मुलांसाठी हाताने लिहिलेले दैनिक काढीत. हस्तलिखिताची प्रत एकच असते, म्हणून तिच्या मुखपृष्ठावर छपाईत न जमणाऱ्या गोष्टी करता येतात. खरा गेरू आणि खरे पीठ वापरता येते, भाताची लोंबी शिवता येते, जाळ्याचा तुकडा लावता येतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेले. तिथे त्यांनी बिया, शिंपले, काटक्या यांतून शिक्षणाची साधने उभी केली. आपल्या जिल्ह्यातच ही वाट पाडून ठेवलेली आहे.

शेवटी निवडीचा प्रश्न येतो, आणि तो नाजूक आहे. चित्रांच्या मागे नावे लिहावी, पुढे फक्त क्रमांक. मत देणाऱ्या प्रत्येक मुलाने कारण सांगावे. "छान आहे" हे कारण धरू नये. निवड झाल्यावर आपल्याला एक मोह होतो. होडी जरा वाकडी आहे, हात जरा लांब आहे, दोन रेषा नीट करून द्याव्या असे वाटते. तेवढे मात्र करू नये. सांगावयाचेच असेल तर निराळ्या कागदावर काढून दाखवावे. मुलाच्या कागदाला हात लावू नये. आपण 'सुधारलेले' चित्र छापून आले की सगळे कौतुक करतात, आणि ज्याचे चित्र असते तोच मान खाली घालून उभा असतो, कारण ते आता आपले राहिले नाही हे त्याला पक्के माहीत असते. किंचित वाकडी होडी चालेल. ती कुणाची आहे हे तिच्या वाकडेपणावरूनच कळते.

न निवडलेली चित्रे आत विभागांच्या सुरुवातीला घ्यावी. पहिल्या पानावर मुखपृष्ठ काढणाऱ्याचे नाव आणि इयत्ता ठळक छापावी, आणि मार्गदर्शक म्हणून आपली नावे त्याहून लहान टाइपात. अध्यक्षांच्या छायाचित्राला आत भरपूर जागा आहे. ते रागावणार नाहीत, आणि रागावलेच तर त्यांना मुलांकडूनच कारण ऐकवावे.

तयार चित्र मिळत असताना एवढी खटपट कशाला, असे कुणी विचारील. त्याला सांगावे की चित्र कुठूनही मिळेल. पण काय ठेवावे, काय गाळावे, कुणाला विचारावे आणि आपले म्हणून काय पुढे करावे, हे ठरविण्याची सवय विकत मिळत नाही. ग्रामपंचायतीच्या सभेत उद्या हीच मुले बसणार आहेत. तिथेही त्यांना हेच करावयाचे आहे.

तेव्हा या वर्षी मुखपृष्ठाचे काम जानेवारीवर ढकलू नका. जूनमध्ये शाळा उघडली, पहिला पाऊस पडला, की काडेपेटीएवढ्या चौकटी आखावयास लावा. सहा महिने हाताशी असले म्हणजे मुलांना गावभर हिंडून पाहता येईल, विचारता येईल आणि दोनदा मत बदलताही येईल.